सातवी ब चंद्राकडे निघते

सोमवार, ४ ऑगस्ट, सकाळी ६.१०
निश्चय. या महिन्यात पर्यवेक्षक व्हायचंच. पद रिकामं आहे. मुख्याध्यापिकांचा कल माझ्याकडे आहे (बोलल्या नाहीत, पण शनिवारी जिन्यात हसल्या). शुक्रवारी तपासणीचे साहेब येतायत. त्यांच्यादेखत सातवी ब चंद्रावर नेणार. यान खोटं, पण सगळे विषय त्यात. इंधन म्हणजे गणित, नोंदवही म्हणजे भाषा, मतदान म्हणजे नागरिकशास्त्र. मोहीमप्रमुख मी. दुसरं आहे कोण?

मंगळवार, ५
यान तयार. प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली, फ्रिजचे खोके, चंदेरी कागद. सहा मुलं आणि मी. आमची कन्याही आहे. वशिला नाही, त्याच वर्गात आहे म्हणून. नियम मीच लिहून दाराला चिकटवले. बाहेर हवा नाही. निर्णय बहुमताने. झालेला निर्णय बदलणार नाही. मुलांना शिस्त लागलेली बरी.
गणिताच्या बाई म्हणाल्या, सर, ऑक्सिजनचा हिशेब मुलांकडून करून घेऊ का? म्हटलं, घ्या. बिचाऱ्यांना काहीतरी काम हवंच.

बुधवार, ६
सराव. मी सलग दोन तास मार्गदर्शन केलं. मुलं भारावून गप्प. एकाने चारदा घड्याळ पाहिलं, वेळेचं भान म्हणून. बाईंनी मुलांना प्रत्येकाच्या बोलण्याची मिनिटं मोजायला लावली. जास्त बोलणाऱ्याला जास्त हवा लागते म्हणे. मोजा.

गुरुवार, ७
घसा बसलाय. बायको म्हणते, उद्या जरा कमी बोला. तिला शिक्षणातलं काय कळतं. पद मिळाल्याबद्दलचं आभाराचं भाषण पाठ झालं.

शुक्रवार, ८, सायं. ५
शांतपणे लिहितो. साहेब आणि मुख्याध्यापिका खिडकीतून बघत होते. मुलांनी फळ्यावर गणित मांडलं. प्रवास सहा दिवसांचा, हवा चार दिवसांची. मी एकटा तिघांची हवा खातो. मी उतरलो तर बरोबर सहा दिवस पुरते. दोनदा तपासलं. चूक नाही.
मतदान. सहा विरुद्ध एक. मी हरकत घेतली, तर माझाच नियम मला वाचून दाखवला. मग मी कॉरिडॉरमध्ये, डोक्यावर हेल्मेट. दार ठोठावलं. आतून कळवण्यात आलं की बाहेर हवा नसल्यामुळे ठोठावल्याचा आवाज येणं शक्य नाही. म्हणजे विज्ञानही झालं.
साहेब म्हणाले, इतका जिवंत तास वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. श्रेय अर्थात माझंच. फक्त हे ते बाईंना सांगत होते.

शनिवार, ९
नोटीस लागली. पर्यवेक्षक, गणिताच्या बाई. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. शेवटी कन्येला विचारलं, मला उतरवायचा ठराव मांडला कोणी? म्हणाली, मीच. मग माझ्या पाठीवर हात ठेवून समजूत घातली, की बाबा, तुम्ही उतरलात म्हणून तर आम्ही पोचलो.