ठकीचा पहिला हट्ट

प्रिय कन्येस,
ईश्वर तुला परमुलखातही स्वस्थ ठेवो.

तुझी पाच वर्षांची ठकी खेळात जिंकली तरी हसत नसे. नवी बाहुलीही बाजूला ठेवी. पोथ्या वाचून पिकलेला मी त्याला वैराग्य समजलो आणि चारचौघांत तिचे कौतुक करीत राहिलो.

शेवटी शाळेच्या सांगण्यावरून तिला दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरीणबाईंनी तिला मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी घालून पडद्यावरचा खेळ खेळवला आणि म्हणाल्या, "आजोबा, बक्षीस मिळालं की मेंदूत आनंदाची लहर उठते. हिची फार क्षीण आहे. हा उदासीचा आजार आहे. पण वय कोवळं आहे, सुधारेल. ती जिंकली की तुम्हीही तिच्यासोबत आनंद करा."

तेव्हापासून आम्ही रोज सापशिडी खेळतो. आज मला शेवटच्या सापाने गिळले, ती जिंकली आणि खुदकन हसली.

"आजोबा, रडायचं नाही हं! अजून एक डाव!"

जन्मभर इच्छा सोडण्याचा उपदेश करणाऱ्या मी तिच्या या एका इच्छेसाठी देवापुढे हात जोडले.

हे पत्र धाडणार होतो, पण ती बजावते, "आईला मीच सांगणार! तुम्ही गप्प बसायचं." म्हणून संध्याकाळी तुझा फोन वाजेल, तेव्हा मी पोथीत डोके खुपसून बसणार आहे.

हरण्यात रमलेला,
तुझा बाबा