सहाव्या मजल्यावरचं घर

३ ऑगस्ट

आज बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या. वेताच्या. मनातल्या मनात — बिल्डिंग अजून उभी कुठं आहे! टेकडीच्या उतारावर नुसता पत्र्याचा बोर्ड, परवानगीसुद्धा यायचीय. पण रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर बसलं की मला आमचा बुक केलेला सहावा मजला रोज दिसतो. ढग उतरला की टेकडी पुसून जाते आणि तेवढं एक घर वर तरंगत राहतं.

हे ड्युटीवरून आले. तिकीट खिडकीवर दिवसभर बोलून घसा बसलेला. म्हटलं, "बाल्कनीतून नागफणीचा सुळका दिसेल हो." म्हणाले, "दिसंल की." आणि बशीत चहा ओतत राहिले.

फेब्रुवारीत ह्यांची निवृत्ती. मग क्वार्टर सोडायचं. आयुष्यभर इथं एक खिळा ठोकायचा तरी जीव खालीवर! तिथं हवे तेवढे ठोकीन.

५ ऑगस्ट

नगरपरिषदेच्या सभेचा अजेंडा आला. डिसेंबरात नगरसेविका म्हणून निवडून आल्यापासून मी गटारं आणि दिवे एवढ्यावरच तोंड उघडलंय. आणि आता हा ठराव! 'टेकडीच्या उतारावर यापुढे तीन मजल्यांच्या वर बांधकाम नको, घरंही मोजकीच.'

तीन!

पुन्हा वाचलं. मग वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले. सगळ्या सोलून झाल्या तरी हात चालूच.

६ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघू." एवढंच. फार लागलं असणार मनाला. हे बोलत नाहीत.

८ ऑगस्ट

एकटीच उतारावर गेले. धुकं इतकं की स्वतःची चप्पल दिसेना. जिथं आमचं स्वयंपाकघर येईल तिथं मान वर करून उभी राहिले. वरून कुकरची शिट्टी ऐकू आल्यासारखं वाटलं! वेडी कुठली.

धुक्यातून लीलाबाई आल्या, डोक्यावर सरपण. उताराखालच्या वाडीतल्या. म्हटलं, मावशी, बिल्डिंग व्हावी का नको? म्हणाल्या, "झाली तर भांडी घासाया चार घरं गावतील. न्हाई झाली तर पावसात झोप लागंल." मागच्या वर्षी वरचा बंगला झाला, तेव्हापासून उताराचा गाळ थेट त्यांच्या दारात येतो. "रातभर कान उघडे ठिवून पडायचं, बाई. दरड आली का पानी आलं, ते वळखायचं."

मग मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तर हसल्या — "आमाला इचारतंय कोण?"

मी विचारलंच होतं की. पण उत्तर मला हवं तसं नव्हतं.

९ ऑगस्ट

त्या बंगल्याच्या अनघाताई घरी आल्या. पुण्याहून शनिवार-रविवार येतात. "डोंगर गेला की परत येत नाही, सविताताई. तुम्ही ठरावाच्या बाजूने मत द्याच." बोलतात छान, पटतंही. पण त्यांचा बंगला काय डोंगरावर उगवला? विचारलं नाही. पोहे दिले.

११ ऑगस्ट

भिकाजीभाऊ येऊन गेले. सभेत माझ्या शेजारी बसतात. ठरावाच्या सपशेल विरोधात. "वहिनी, गावातली पोरं आंबीच्या एमआयडीसीत कंपनीत लागतात नि तिकडंच भाड्यानं राहतात. का? इथं त्यांना परवडंल असं घरच नाही! बंगले हवेत सगळ्यांना, बिल्डिंग नको!" हेही खरंच. खरं किती बाजूंना असावं!

मी हळूच म्हटलं, माझं तिथं बुकिंग आहे. मला मत देता येईल का? म्हणाले, "कुणाला माहीत आहे? हात वर करा नि बसा. तुमच्या कैलासरावांना तरी म्हातारपणी घर नको का?"

१२ ऑगस्ट

स्वप्नात सहाव्या मजल्यावर होते. दार उघडलं तर बाहेर लीलाबाई, पायाला चिखल. "या की," म्हटलं. त्या आत येईनात.

१४ ऑगस्ट

सभा झाली.

भिकाजीभाऊ पोटतिडकीनं बोलले. दुसऱ्या बाजूनं कुणी पाण्याचं बोललं, कुणी खचलेल्या रस्त्याचं. मतदान पुकारलं. हात मांडीवर ठेवलेला. आणि उभीच राहिले!

"ह्या बिल्डिंगमध्ये माझं घर आहे. म्हणजे — व्हायचंय. मी मत देऊ शकत नाही."

कुणीतरी हसलं. भिकाजीभाऊंनी कपाळाला हात लावला. मी बाहेर व्हरांड्यात आले. तिथंही ढग शिरलेला. वाडीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले.

ठराव एका मतानं मंजूर.

मी विरोधात हात वर केला असता तर समसमान. मग अध्यक्षांचं निर्णायक मत, आणि ते बिल्डिंगच्या बाजूचे. म्हणजे घर माझ्या हातात होतं. खरंच हातात.

लीलाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

घरी आले. ह्यांना म्हटलं, गेलं हो. म्हणाले, "जेवून घे."

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला भिकाजीभाऊंनी तोंड फिरवलं. अनघाताईंनी पेढे पाठवले. डबा तसाच ठेवलाय, उघडवत नाही.

ओट्यावर बसले. आज लख्ख उघडीप. टेकडी नुसती टेकडी.

१६ ऑगस्ट

संध्याकाळी हे आपणहून शेजारी येऊन बसले. म्हणाले, "एक सांगू? मला उंचावर चक्कर येते. त्या बाल्कनीत मी पाय ठेवला नसता."

"अहो! मग रोज ऐकून कसं घेत होतात?"

"तू सांगायचीस तेव्हा बरं वाटायचं." मग जरा लाजून — "आता एखादं खालचं सांग. अंगणाचं."