परत लावलेला प्रसाद

सोमवार, दिवेलागणीनंतर

आम्हा नवख्या रेफ्रींसाठी दोन शिबिरं आहेत, त्यातलं एक निवडायचं. मडगावच्या शिबिरात उन्हात धावायची चाचणी, फोंड्याच्यात नुसती व्याख्यानं. मागच्या चाचणीत मी सगळ्यांदेखत मटकन बसलो होतो. मला फोंडाच हवं होतं, पण घरी कोणत्या तोंडानं सांगू? बाबा म्हणाले, "देवाक विचारूया." बरं, म्हटलं.

देवळात भटजींनी प्रसाद लावला, म्हणजे कौलासाठी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि देवाला विचारलं, मडगावला जावं का? उजवी पाकळी लगेच पडली. म्हणजे जा. आणि मी काय बोललो? "वाऱ्यानं पडली. परत लावा." शी!

"फॅन बंद आसा रे," भटजी म्हणाले. तरी त्यांनी परत नव्या पाकळ्या लावल्या. या खेपेला डावी पडली, म्हणजे नको. बाबा खूश, फोंडा घरापासून जवळ.

निघताना भटजींनी ती पहिली, उजवी पाकळी माझ्या हातावर ठेवली. "ही पण देवानच दिलेली."

कालच डिचोलीच्या मैदानावर एक खेळाडू हात जोडून म्हणत होता, "सर, परत एकदा बघा ना." त्याला मी पिवळं कार्ड दाखवलं.

घरी येऊन पाकळी त्याच कार्डावर ठेवली आहे. आता ते कार्ड खिशात घालायला हात धजत नाही.