आठ वाजेपर्यंत

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही क्लेलिया आठला बारमधून उठली! घड्याळाच्या काट्यावर. हातमोजे चढवले, ‘जेवण वाट बघतंय, अमेदेओ,’ म्हणाली आणि गेली. तिच्या घरी जेवणाखेरीज वाट बघणारं कुणी नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझ्या घरी तर जेवणही नसतं.

सप्टेंबरपासून रोज साडेसहा ते आठ — दीड तास. एकेक पेला व्हर्मुथ ही कडसर वाइन, चार ऑलिव्ह, पावाच्या तुकड्यावर हिरव्या चटणीतली खारी मासळी. कडू घोटाने भूक चाळवायची आणि जेवायला आपापल्या घरी जायचं, ही आम्हा तूरिनकरांची रीत. कुणी काढली कोण जाणे! मी घरी येऊन उकडलेला बटाटा खातो, उभ्या उभ्या.

५ नोव्हेंबर

विचारलं नाही.

६ नोव्हेंबर

विचारणारच होतो. ‘जेवायला थांबता का?’ — तीन शब्द. चाळीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आवाज कधी बसला नाही. आज बसला! गल्ल्यावरचा ग्वाल्तिएरो पेले पुसत म्हणाला, ‘मास्तर, माझ्या नातवाच्या लग्नातच तुमचंही उरकून टाकू का?’ नातू अजून रांगतोय. मेला थट्टेखोर!

८ नोव्हेंबर

घोळ केला. नको ते शहाणपण सुचलं. नदीकाठी नवा बार निघालाय, तिथे एका पेल्याच्या पैशात पास्ता, भात, हवं ते ताटभर वाढून घेता येतं. तिथे नेलं तर आठला उठायचं कारणच उरणार नाही! तिला म्हटलं, ‘पोटभर मिळतं हो. घरी जाऊन रांधायला नको.’

तिचा चेहरा! ‘ताट घेऊन रांगेत? कॉलेजातल्या पोरांसारखं? अमेदेओ, मी तुम्हाला इतकी भुकेली वाटले?’

पावणेसातलाच गेली. पेला तसाच.

११ नोव्हेंबर

तीन दिवस खुर्ची रिकामी. ग्वाल्तिएरो सवयीने दोन पेले मांडतो, मग एक गुपचूप उचलून नेतो. आता थट्टाही करत नाही. ते जास्त लागतं.

मला ती हवी आहे. लिहून टाकलं, बास! दीड तासापुरती नको. समोर बसून, मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरणारी हवी आहे.

१४ नोव्हेंबर

आली! मी माफी मागितली. ‘हं,’ एवढंच म्हणाली. आठला उठली. मीही उठलो — ‘जेवायला थांबता का? म्हणजे... माझ्याबरोबर?’

हातमोजे चढवता चढवता म्हणाली, ‘सप्टेंबरपासून रोज दोघांचं रांधतेय. उरलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी मीच संपवते. चला, गार होतंय.’