बिनजकातीचा शर्ट

तीर्थस्वरूप नत्थुमामांस,

भाची वर्षालीचा अमरावतीहून वाकून नमस्कार. आपले गुडघे जठारपेठेतला जिना आता कुरकुर न करता चढू देत असतील व मामींनी आपला चहा पुन्हा गोड केला असेल, अशी आशा बाळगते. (केला नसल्यास त्यात माझा हात नाही.)

आपण मायेने सुचवलेले तेल्हाऱ्याच्या वामनरावांचे स्थळ रविवारी मला पाहून गेले. नेमके काय पाहून गेले, हे कळवणे कर्तव्य समजते. माणिकआत्या ज्या कारखान्यात कॉलर शिवते, तिथे ऑर्डर आटल्याने तिची लाइन (म्हणजे एका रांगेत शिवणाऱ्या सगळ्या बायका) बंद आहे. मालक सांगतात की दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे बांगलादेशचा शर्ट जकात न भरता येतो आणि आपल्याहून स्वस्त पडतो. या कराराचा एक परिणाम मात्र माझ्या परीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात नाही : एरवी असल्या कार्यक्रमाला आत्या एकटी आली असती, यावेळी तिची अख्खी लाइन रिकामी असल्याने अख्खी लाइन आली.

वामनरावांचे चिरंजीव श्याम यांनी मान खाली घालून पोह्यांची बशी घेतली, तेवढ्यात आत्याने मागून त्यांची कॉलर उलटून लेबल वाचले. (जिच्या हातून दिवसभर कॉलरी जातात, तिला यात वावगे वाटत नाही.) “बांगलादेश,” ती म्हणाली, ताप मोजून सांगावा तसे. तिच्या लाइनीतल्या शकुनबाई म्हणाल्या, “काहून जी पाहुणे, आमी घरी बसून रायलो, न तुमी हे घालून पोरगी पाहाले आले?” वामनराव म्हणाले, “आमी पोराले आणलं, शर्टाले नाई.” ऐकले कोणी नाही. श्याम यांना आतल्या खोलीत पाठवण्यात आले आणि ते बाहेर आले ते कारखान्याने नापास केलेल्या, आत्याने घरी आणलेल्या शर्टात, ज्याची एक बाही दुसरीहून लांब आहे.

मग मला विचारण्यात आले, मुलाला काही विचारायचे आहे का. मामा, मी किराणा दुकानातही साबण तोंडाने मागत नाही, बोटाने दाखवते. पण त्या दिवशी मला बोलता आले, आणि दुर्दैवाने मी जकात व महिलांचा रोजगार यांवर पोहे थंड होईपर्यंत बोलले. श्याम यांनी सगळे ऐकले व लांब बाही दुमडत आत्याला म्हणाले, “मावशी, त्या शर्टाचं सूत आमच्याच गिरणीतून गेलं असन. तिकडचे शर्ट बंद पाडसान, त पयले मी घरी बसतो.” (ते सूतगिरणीत आहेत हे आपण कळवले होते, सुताचा पुढचा प्रवास कळवला नव्हता.)

यावर लाइनीत फूट पडली. काहींना पोराचे पटले. काही म्हणाल्या, मंग आमचं काय? आत्या तो बांगलादेशी शर्ट घेऊन त्याची घडी घालू लागली, आणि ते मला बघवले नाही. “हे स्थळ हाय का मोर्चा?” असे म्हणत वामनराव उठले व मुलाला त्याच नापास शर्टात घेऊन गेले.

तरी हे स्थळ आपण विसरावे. मी मुळीच निराश नाही. परीक्षा जवळ आली आहे, शिवाय वाचनालयातला पंखाही दुरुस्त झाला आहे.

आपली आज्ञाधारक,
वर्षाली

ता. क. : त्या गिरणीत बायकांना कामावर घेतात का, असे आत्या विचारते. तिची लाइन पुन्हा सुरू होईल असे मालक आता म्हणतही नाहीत. वामनरावांकडे जाल तेव्हा विचारावे.

आणखी ता. क. : आपण जालच, असे मी गृहीत धरले आहे. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सोयीची आहे.

शेवटचा ता. क. : माझा होकार आहे. तो अजून कोणी विचारलेला नाही, एवढीच अडचण आहे.