सैल जागा

३ नोव्हेंबर, सोमवार
पोलंड! पोझनान! नोकरी! आणि पहिल्याच दिवशी मला चक्क प्शेमेकचं टेबल मिळालं. ज्याने 'लोखंडी' बनवला, त्याचं! आरएनए इतका नाजूक असतो की उघडं बोट लागलं तरी तुकडे. लोखंडी हा एकच असा आरएनए, जो तुटतच नाही. प्शेमेक मात्र महिन्यापूर्वी कुणाला न सांगता सोडून गेला म्हणे. वांदाबाई या लॅबमध्ये तीस वर्षं टेक्निशियन आहेत. त्या म्हणाल्या, अगं बाई, ग्लोव्ह्ज तुझ्यासाठी नसतात हां, आरएनएसाठी असतात. तुझं बोट म्हणजे त्याचा काळ. काम झालं की काढून फेकायचे आणि खुशाल रोगल, म्हणजे इथला खसखस भरलेला गोड पाव, हाणायचा. मी दोन हाणले.

५ नोव्हेंबर
काम भारी आहे. आरएनए म्हणजे मण्यांचा धागा, स्वतःभोवतीच घड्या घालून बसलेला. कुठे घट्ट, कुठे सैल. त्यात एक केमिकल टाकायचं, ते फक्त सैल, हलणाऱ्या मण्यांना चिकटतं. मग कुठेकुठे चिकटलं ते मशीनवर वाचायचं. लोखंडीचे एकशेवीस मणी, त्यातले एकतीस सैल निघाले. लॅबचे प्रमुख ओल्शेव्स्की सर म्हणाले, पोरी, हात छान चालतो तुझा, प्शेमेक शेवटीशेवटी नळ्या पाडायचा. वांदाबाई कानाशी पुटपुटल्या, सरांनी कौतुक केलं, आता बर्फ पडणार बघ.

१० नोव्हेंबर
कंट्रोलच्या नळीत नुसतं पाणी असतं. तिथे काही म्हणजे काही दिसायला नको. आज दिसलं. लोखंडीच. पण सैल जागा चोवीस. सर भडकले, म्हणाले, तुमच्या गावात हात धुवायला शिकवत नाहीत का? सगळं नवीन घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. उजवी करंगळी सकाळपासून आखडलीय. थंडीने असेल.

१२ नोव्हेंबर
सहज म्हणून बोट टोचून माझं रक्त तपासलं.
आहे. माझ्या रक्तात आहे. सैल जागा सतरा.
करंगळीशेजारचं बोटही आता वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, संधिवात. पंचविसाव्या वर्षी?
त्याच्या घड्या घट्ट होतात तसतशी मी— नको. लिहायलाच नको.

१४ नोव्हेंबर
प्शेमेकच्या घरी गेले. त्याच्या आईने दारातच झाडलं, पोरगा घेतलात, आता काय न्यायला आलात? मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. आत नेलं, सूप दिलं. चमचा मला धरता येईना, तर तिने भरवलं.
तो पलंगावर. लाकडासारखा. फक्त डोळे हलतात. ती म्हणाली, करंगळीपासूनच सुरू झालं.
त्याचं रक्त आणलं. सैल जागा दोन.

१७ नोव्हेंबर
माझ्या सैल जागा अकरा. कोपर गेलं. पेन मुठीत धरलंय.
सर म्हणाले, रजा घे, आणि बाहेर बोंब मारू नकोस. आता फोनही उचलत नाहीत.
याला उघडायचं कसं? मीठ टाकलं, अ‍ॅसिड टाकलं. ढिम्म.

१८ नोव्हेंबर
तापवला. सत्तरला काही नाही. अठ्ठ्याहत्तर अंशांना उघडला! एकशेवीसच्या एकशेवीस सैल! दहा मिनिटं तसाच ठेवला तर तुटतो. कायमचा. त्याआधी काढला तर परत घड्या घालतो.
अठ्ठ्याहत्तर. चहा पितो ना, जवळजवळ तेवढं.
तेवढ्या पाण्यात हात घातला. दहा मिनिटं. वांदाबाई बाहेरून दार बडवत होत्या.
बोटं वाकतात. कातडी गेली. पण वाकतात!

१९ नोव्हेंबर
परत आखडली. उरलेल्या रक्तातून परत आला. म्हणजे एकदम सगळं अंग—
प्शेमेकच्या आईचा फोन. डोळे थांबले. श्वास चालू आहे. ती विचारत होती, त्याला कळत असेल का गं?
मी सांगितलं, नाही.
कळत असणार. सगळं.

२० नोव्हेंबर
तीन. मान वळत नाही. जबडा—
त्याच्यासारखं पडून नाही राहायचं मला. मेले तरी चालेल. तसं नाही.
वांदाबाई म्हणाल्या, वेडी झालीस का कार्टे, सुपातली कोंबडी आहेस का तू? मग एकदम रडल्या. स्वतःची करंगळी दाखवली.
तळघरातली टाकी भरली. तापतेय. पंचाहत्तर.
मला उचलून ठेवणार त्या.
पाण्यात गेले की जबडा सुटेल. ओरडेन. दातांतूनच सांगितलंय त्यांना— ऐकायचं नाही. दहा मिनिटं. मी काहीही बोलले, कितीही हात जोडले, तरी मला बाहेर—