बसायचा उजेड

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला आपापल्या जागी नेहमीसारखे कुरकुरत असतील, म्हणजे तिकडे सगळं ठीक असं धरून चालतो. इकडे तब्येती उत्तम आहेत, फक्त घराची वाट लागली आहे.

हॉलला फॉल्स सीलिंग करून छतात गोल दिवे बसवले, एवढं तुला ठाऊक आहे. दिवे घेताना दुकानदाराने विचारलं, हॉलमध्ये तुम्ही काय करता? मी म्हटलं, बसतो. वाचायला, शिवायला, भिंतीवरची चित्रं दाखवायला, सगळ्याला त्याच्याकडे दिवा होता. नुसतं बसायला नव्हता. किती उजेड हवा ते तुम्हीच ठरवा, म्हणाला. इथेच ग्रह फिरले. तुझी भावजय दिवसभर सराफी दुकानाच्या काउंटरवर उभी असते आणि मी थिएटरात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवतो. एकीला अंधाराची सवय नाही, दुसऱ्याला उजेडाची.

पहिले दिवे तिच्या पसंतीचे, अंगठीतला खडा पारखावा असे लख्ख. भिंतीचे सगळे फुगवटे दिसू लागले. लहानपणी तू फोडलेल्या (आणि माझ्या नावावर खपवलेल्या) फुलदाणीची चिकटवलेली रेघसुद्धा दिसू लागली. माझा मेहुणा येऊन दिव्याखाली बसला, तर त्याचे केस कुठपर्यंत रंगवलेत ते सगळ्यांना कळलं. तो पुन्हा आलेला नाही. मग ते दिवे बदलून माझ्या पसंतीचे लावले, मंद, सौम्य. पहिल्याच संध्याकाळी सासरेबुवांनी खुंटीवरच्या रेनकोटला नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि उत्तर आलं नाही म्हणून न जेवता गेले. (रेनकोट माझा, त्यामुळे उद्धटपणाही माझाच ठरला.)

शेवटी तडजोड म्हणून उजेड कमीजास्त करायचं फिरतं बटण बसवलं. आगीतून फुफाट्यात. ती जाता-येता वाढवते, मी जाता-येता कमी करतो, आणि मधल्या सोफ्यावर आई. परवा आई शांतपणे म्हणाली, "अरे, सूर्यसुद्धा एकदा उगवला की संध्याकाळपर्यंत थांबतो रे." आम्ही हसलो नाही, भांडलो. आता तुझी भावजय स्वयंपाकघरात जेवते, मी आतल्या खोलीत ताट घेऊन जातो, आणि हॉलमध्ये आई एकटी बसते. पूर्वी जेवणं झाली की तिघांचा पत्त्यांचा डाव पडायचा. काल आईने पत्ते कपाटात ठेवले आणि बॅग भरली. उद्या तुझ्याकडे येतेय. किती दिवसांसाठी, ते विचारायची माझी छाती झाली नाही. ताई, मी पार हरलोय. एवढं छत खाली आणलं, त्याखाली बसायला माणूस उरलं नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हॉलची जुनी ट्यूब काढली तेव्हा तू ती अडगळीच्या खोलीसाठी नेलीस. ती तेवढी परत पाठव. लागण्याआधी ती फडफडायची आणि आई म्हणायची, "येतेय, येतेय," आणि आम्ही सगळे मान वर करून थांबायचो. तसा दिवा दुकानात मिळत नाही.

ता. क. दुसरा. खरं काम हे. आईला ठेवून घेऊ नकोस. पाहुणचारात जरा हात आखडता घे, भाऊजींना मोठ्याने खोकायला सांग, काहीही कर, पण परत पाठव. ती नसली तर मी कामावरून कुणासाठी घरी यायचं, ते मला कळत नाही. हे तिला सांगू नकोस. तोंडावर असलं बोलायची आपल्या घरात रीत नाही. पत्र तिच्याच बॅगेत ठेवतोय. चष्मा तिने तळाशी बांधलाय, त्यामुळे ती वाचणार नाही.

ता. क. तिसरा, आईच्या हातचा. अगं, बटण पूर्ण फिरवलं की या दिव्याखाली चष्मा लागत नाही. सगळं वाचलं. उजेडाला कंटाळून मी निघाले नव्हते. एवढ्या उजेडात तीन माणसांच्या सोफ्यावर एकटीच बसलेली दिसायचे, म्हणून निघाले होते. आता बॅग सोडते आणि पत्ते काढते. पत्र टपालाने येईल. ट्यूब तुझ्याकडेच राहू दे, आणि फुलदाणी तू फोडलीस हे मला तेव्हाच माहीत होतं.